फरशीला वाफ, फिनेलला रजा

कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी गोठ्यात धार काढत. काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. आज आपल्या पायाखालच्या फरशीबद्दल बोलायचं आहे.

विषय साधा वाटेल. फरशी काय, रोजच पुसतो. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी जे झालं, त्यानंतर आम्ही या साध्या कामाकडे नीट बघायला लागलो.

त्यांच्याकडे सुट्टीला भाचा आला होता, तीन वर्षांचा. बाजारातून सुटं फिनेल आणलेलं, पाणी घालून कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं आणि बाटली न्हाणीच्या दाराआड ठेवलेली. पांढरं फिनेल पाण्यात घातलं की अगदी ताकासारखं दिसतं. पोरानं ताक समजून घोट घेतला. आजी घाबरल्या, उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी करायला धावल्या. नशीब, शेजारच्या आशाताई घरी होत्या. त्यांनी हात धरला, म्हणाल्या, "आत्या, उलटी काढू नका, आधी गाडी काढा." पोरगं दवाखान्यात एक रात्र राहिलं आणि हसत घरी आलं. पण त्या महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजायच्या आधी हाच विषय निघाला.

एकजण म्हणाली, "उद्यापासून फिनेल बंद." लगेच दुसरी म्हणाली, "मग फरशी पुसायची कशानं? नुसत्या पाण्यानं वास तरी जातो का?" तिसरीची लेक हडपसरला दिली आहे. तिच्याकडे वाफेचा मॉप आहे, स्टीम मॉप म्हणतात तो. वाफेनं फरशी पुसतो, औषध काही घालावं लागत नाही. ती म्हणाली, "आपल्या गटानं कर्ज काढून तीन घेऊया. आपलीही घरं पुसू आणि दिवाळीच्या आधी दुसऱ्यांची पुसून चार पैसेही मिळवू."

पैसा गटाचा असला की घाई करायची नाही, हे आपण पंचसूत्रीत शिकलो आहोत. म्हणून आम्ही लेकीचा मॉप महिनाभर मागून आणला, वेगवेगळ्या घरांत चालवून बघितला, मग ठरवलं. काय बघितलं, काय समजलं, ते आज सांगतो.

वाफ काम कसं करते

वाफ आपल्याला नवी नाही. गणपतीत मोदक उकडतो, कोथिंबिरीच्या वड्या उकडतो, सर्दी झाली की डोक्यावर पांघरूण घेऊन वाफ घेतो. आपल्या भागात तर वाफेचे मोठे कारखाने आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही साखर कारखान्यात उसाचा रस वाफेच्या उष्णतेवरच आटवतात. बगॅस जाळून बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करतात आणि ती वाफ सगळं काम ओढते.

मॉपमध्ये तेच, फक्त लहान. दांड्याला पाण्याची छोटी टाकी असते, साधारण अर्धा लिटर पाणी मावेल एवढी. आत विजेवर तापणारी कॉईल असते. पाणी तापून वाफ होते आणि खालच्या चपट्या पायातून बाहेर येते. पायाला मऊ कापड लावलेलं असतं, त्याला पॅड म्हणतात. वाफेनं फरशीवरचा चिकटा, तेलकटपणा, वाळलेला चहा मऊ पडतो आणि पॅड तो टिपून घेतं.

वाफेत एवढी ताकद कुठून येते? एक ग्रॅम पाणी बर्फाइतक्या थंडपणापासून उकळीपर्यंत न्यायला १०० कॅलरी उष्णता लागते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही सगळी उष्णता वाफेच्या पोटात लपलेली असते. वाफ गार फरशीला लागली की परत पाणी होते आणि ती उष्णता तिथे सोडते. म्हणून थोड्या पाण्यात मोठं काम होतं. आणि म्हणूनच उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचं भाजणं जास्त वाईट असतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वाफेनं जंतू मरतात का?

विकणारे सांगतात, एक हात फिरवला की सगळे जंतू साफ. इथे जरा थांबायला हवं. आपल्यातल्या कितीतरी जणी डेअरीला दूध घालतात. पिशवीचं दूध कसं तापवतात ते आठवा. ७२ अंशांवर १५ सेकंद, किंवा ६३ अंशांवर अर्धा तास. म्हणजे जंतू मारायला नुसती उष्णता पुरत नाही, वेळही लागतो. उष्णता कमी तर वेळ जास्त.

मॉपच्या तोंडाशी वाफ १०० अंशांच्या आसपास असते. पण मधे जाड पॅड, खाली गार फरशी. फरशीपर्यंत जाताना उष्णता उतरते. भराभर मॉप ओढत नेला तर फरशी स्वच्छ होते, पण जंतू मरायला लागतो तेवढा वेळ तिला मिळत नाही. जिथे खरंच गरज आहे, म्हणजे बाळ रांगतं ती जागा, जेवायला बसतो ती जागा, तिथे मॉप हळू फिरवायचा आणि तिथल्या तिथे दोन-चार वेळा पुढे-मागे करायचा. फरशीला हात लावला तर चांगली गरम लागली पाहिजे. एका जागी मॉप उभा मात्र ठेवायचा नाही, त्यानं फरशीचं नुकसान होतं.

आणखी एक गोष्ट. रोजच्या घरात जंतूंचा निकाल मुख्यतः तीन गोष्टींनी लागतो. घाण उचलली जाणं, कापड स्वच्छ असणं आणि फरशी लवकर कोरडी होणं. ओल राहिली की जंतू वाढतात. वाफेच्या मॉपचा खरा फायदा आम्हाला इथेच दिसला. त्यानं फरशी ओली फारशी होतच नाही. पंखा लावला की काही मिनिटांत कोरडी. पावसाळ्यात, जेव्हा पुसलेली फरशी दुपारपर्यंत दमट राहते, तेव्हा हे फार बरं वाटतं.

कुठली फरशी, कुठे चालते

आम्ही पाच घरांत मॉप चालवला. पाचही घरांची जमीन वेगळी.

पहिलं घर नवं, चकचकीत टाईल्सचं. तिथे मॉप सगळ्यांत छान चालला. डाग गेले, पायाला चिकटपणा राहिला नाही. फक्त टाईल्सच्या सांध्यातलं सिमेंट जिथे निघालेलं होतं, तिथे आम्ही मॉप नेला नाही. सांध्यातून वाफ खाली जाते आणि सैल टाईल आणखी सैल होते.

दुसरं घर शहाबादी फरशीचं. आपल्या वाड्यावस्त्यांत हीच जास्त. शहाबादी, कोटा, कडप्पा, हे तिन्ही चुनखडीचे दगड. तिथे आधी कपाटामागच्या कोपऱ्यात मॉप फिरवून बघितला, वाळू दिला, डाग किंवा पांढरेपणा येत नाही ना ते पाहिलं, मग पुढे गेलो. पॉलिश केलेल्या फरशीवर चाललं. खडबडीत, पापुद्रे सुटलेल्या फरशीवर पॅड अडकत होतं, तिथे नाद सोडला.

तिसरं घर सिमेंटच्या कोब्याचं. कोबा गुळगुळीत असेल तर मॉप चालतो. भेगा असतील तर आधी भेगा बुजवा.

चौथ्या घरात खोलीत प्लास्टिकची चटई चिकटवलेली होती. तिथे वाफ नको. चटई उष्णतेनं फुगते, गोंद सुटतो. मेण लावलेल्या किंवा पॉलिश नसलेल्या लाकडावरही नको.

पाचवं घर शेणानं सारवलेलं. तिथे मॉपचं काही काम नाही, हे लावायच्या आधीच कळत होतं. वाफेनं सारवण ओलं होऊन उचकटतं. तिथे झाडणं आणि सारवणंच बरोबर. फक्त एक सांगणं. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. बाळंतिणीच्या खोलीत, नाळ न पडलेल्या बाळाजवळ आणि उघड्या जखमेजवळ शेणाचा हात जाऊ देऊ नका.

आपल्या पाण्याची गोष्ट

आता ती अडचण, जी पुण्यातल्या लेकीला आली नाही पण आपल्याला आली. आठ दिवसांत मॉपची वाफ कमी झाली. थुंकल्यासारखं पाणी पडायला लागलं. उघडून बघितलं तर तोंडाशी पांढरी खार.

आपल्याकडे बोअरचं आणि विहिरीचं पाणी किती जड आहे ते तुम्हाला सांगायला नको. नीरेच्या कालव्याखाली वर्षानुवर्षं ऊस, त्यात कितीतरी ठिकाणी जमिनी खारवट झालेल्या. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, माठाबाहेर पांढरे ओघळ येतात, तेच हे पाणी. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि कॉईलवर थर बसतो. साखर कारखान्यातही रस आटवायच्या भांड्यांवर असाच थर बसतो आणि तो काढायला हंगामात मधेच गाळप थांबवावं लागतं. मोठ्या कारखान्याला जे चुकत नाही, ते आपल्या छोट्या मॉपला कसं चुकेल?

उपाय सोपा आहे. मॉपमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही. गावातल्या फिल्टर प्लांटच्या जारचं पाणी घाला. अर्धा लिटरच लागतं, तेवढं परवडतं. नाहीतर स्वच्छ पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी फडक्यातून गाळून वापरा. तेही नसेल तर पाणी खळखळून उकळा, निवू द्या, खाली बसलेला गाळ सोडून वरचं पाणी गाळून घ्या. यानं जडपणा थोडा कमी होतो, सगळा जात नाही. आपलं पाणी किती जड आहे हे नेमकं जाणून घ्यायचं असेल तर बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासून मिळतं. शेतासाठी बाटली नेणारच असाल तर घरच्या बोअरचीही एक न्या.

खार बसलीच तर मॉपसोबतच्या पुस्तकात दिलं असेल तसं लिंबूसत्त्वाचं पाणी वापरून टाकी साफ करतात, मग दोन वेळा साध्या पाण्यानं धुतात. ते पाणी मात्र शहाबादी फरशीवर सांडू नका. का, ते पुढे सांगतो.

आणि टाकीत पाण्याशिवाय काही म्हणजे काही घालायचं नाही. एकीनं वासासाठी चमचाभर फिनेल घालू का म्हणून विचारलं. नको. त्या औषधाची वाफ होऊन थेट आपल्या छातीत जाते. अत्तर नको, मीठ नको, गवती चहाचं तेलही नको.

वीज आणि भाजणं

हे मॉप १३०० ते १५०० वॅटचे असतात. १००० वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट पडतं. १३०० वॅटचा मॉप रोज २० मिनिटं चालवला तर दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आत, महिन्याला साधारण १३ युनिट. तुमच्या बिलावर युनिटचा दर असतो, त्यानं गुणून बघा. फार नाही, पण फुकटही नाही.

बिलापेक्षा मोठी गोष्ट जोडणीची. टीव्हीच्या लहान सॉकेटला हा मॉप लावायचा नाही, सॉकेट तापतं. गिझर किंवा इस्त्रीसाठी असतं तसं मोठं, तीन पिनचं सॉकेट हवं आणि त्याला अर्थिंग हवं. आपल्याकडे कितीतरी घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते, तार कुठेच गेलेली नसते. पाणी आणि वीज एकत्र असलेल्या वस्तूला हे चालणार नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. जमलं तर गळतीची वीज लगेच तोडणारा स्विचही बसवून घ्या. हे फक्त मॉपसाठी नाही, फ्रिज, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांसाठीच आहे.

इन्व्हर्टरवर हा मॉप चालत नाही. आणि संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागले की वाफही मंदावते. व्होल्टेज २३० वरून १८० वर आलं की १३०० वॅटचा मॉप जेमतेम ८०० वॅटचं काम करतो. तेव्हा मॉप बिघडला असं समजून उघडत बसू नका. सकाळी चालवा.

आता भाजण्याचं. मघाशी सांगितलं, वाफेचं भाजणं उकळत्या पाण्यापेक्षा वाईट. मॉप चालू असताना पोरं दुसऱ्या खोलीत. पायात चप्पल, साडीचा पदर खोचलेला. तोंड कुणाच्या पायाकडे नको. पॅड बदलायचं तर आधी बटण बंद, पिन काढायची, दहा मिनिटं निवू द्यायचं. पाणी भरतानाही पिन काढलेलीच. भाजलंच तर वाहतं साधं पाणी वीस मिनिटं सोडायचं. तूथपेस्ट, हळद, शाई, काही लावायचं नाही. फोड मोठा असेल, तोंडाला किंवा लहान मुलाला भाजलं असेल तर दवाखाना.

मॉप नसेल तर?

आता खरं महत्त्वाचं. तुमच्यातल्या बहुतेक जणी मॉप घेणार नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही. औषधाशिवाय फरशी स्वच्छ ठेवायला गरम पाणी, थोडा साबण आणि स्वच्छ कापड पुरतं. आम्ही पुढच्या पद्धतीनं पुसतो.

आधी नीट झाडून घ्यायचं. माती राहिली की मॉप असो की फडकं, चिखलच पसरतो. मग दोन बादल्या. एकीत गरम पाणी आणि लहान चमचाभर साबणचुरा किंवा उकळलेल्या रिठ्याचं वाटीभर पाणी. दुसरीत साधं पाणी. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, पुसायचं, साध्या पाण्यात खळबळायचं, पिळायचं, परत साबणाच्या पाण्यात. साधं पाणी काळं झालं की बदलायचं. चुलीजवळच्या तेलकट जागेला बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा घाला, चिकटा लगेच सुटतो. हाताची त्वचा कोरडी पडते, म्हणून दांड्याचं फडकं किंवा हातमोजे वापरा. शेवटी दारं-खिडक्या उघडून कोरडं होऊ द्यायचं.

सगळ्यांत मोठी चूक आपण कुठे करतो? फडक्यात. पुसून झालं की फडकं तसंच बादलीच्या काठावर. रात्रभर ओलं, सकाळी कुबट वास, आणि त्याच फडक्यानं परत घर पुसायचं. म्हणजे कालचे जंतू आज घरभर. फडकं रोज साबणानं धुवा आणि उन्हात टाका. आपल्याकडे दुसऱ्या कशाची कमी असेल, उन्हाची नाही. मॉपच्या पॅडलाही हाच नियम. दोन-तीन पॅड हवीत, म्हणजे एक लावलेलं, एक वाळत.

एवढं केलं तर वास येतच नाही. फिनेल वास घालवत नाही, वासावर वास चढवतं. आपण त्या वासालाच स्वच्छता समजत आलो.

ज्यांना गुडघे-कंबर त्रास देते, त्यांनी बसून पुसणं सोडा. लांब दांडा घ्या, उभं राहून पुसा. दांडा लांब झाला की घरातल्या पुरुषमाणसांच्या हातातही बरोबर बसतो, हा आमचा अनुभव.

काय कधीच करायचं नाही

रसायनांबद्दल चार गोष्टी पाठच करून ठेवा.

एक. अ‍ॅसिड आणि टीसीएल पावडर कधी एकत्र करायची नाही. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत घालते तीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती अ‍ॅसिडला लागली की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जीवावर बेतू शकतो. कुठल्याच दोन बाटल्या एकत्र करायच्या नाहीत.

दोन. शहाबादी, कोटा, कडप्पा फरशीवर अ‍ॅसिड टाकायचं नाही. टाकल्यावर फेस येतो, आपल्याला वाटतं घाण निघाली. घाण नव्हे, दगड विरघळतो. चुनखडीला आंबट चालत नाही. म्हणून 'घरगुती उपाय' म्हणून सांगितलेलं लिंबू आणि व्हिनेगरही या फरशीला नको. झीज सावकाश होते, पण चकाकी जाते ती जातेच.

तीन. कुठलंही औषध खाण्यापिण्याच्या बाटलीत भरायचं नाही. फिनेल, अ‍ॅसिड, रॉकेल, शेतावरची फवारणी, काहीच नाही. मूळ बाटलीत, झाकण घट्ट, पोराचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर.

चार. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी काढायची नाही. जे खाली जाताना घसा पोळतं ते वर येताना परत पोळतं, आणि श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला इजा करतं. बाटली सोबत घ्या, १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचं विषबाधा माहिती केंद्र आहे, त्याचा फुकट नंबर १८०० ११६ ११७. हा नंबर आमच्या गटानं प्रत्येकीच्या स्वयंपाकघराच्या दाराआड खडूनं लिहून ठेवला आहे.

आणि रसायनांशी आमचं भांडण नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, पुराचं पाणी आत आलं, तर तिथे जंतुनाशक लागतं. ते आशाताईंना विचारून, त्या सांगतील तेवढंच, दार-खिडकी उघडी ठेवून वापरायचं. रोजच्या फरशीला मात्र त्याची गरज नाही.

पाण्याचाही विचार करा. जिरायत भागात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे फरशीला दोन बादल्या पाणी जड जातं. वाफेचा मॉप अर्ध्या लिटरात घर पुसतो, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. आणि फडक्यानं पुसलंत तरी फिनेल नसलेलं, थोड्या साबणाचं पाणी परसातल्या केळीला घालता येतं. फिनेलचं पाणी झाडालाही नको आणि गांडुळालाही नको.

मग गटानं काय ठरवलं?

महिन्याच्या शेवटी सगळा हिशोब मांडला. कर्ज काढून तीन मॉप घ्यायचा ठराव आम्ही केला नाही. आमच्यापैकी निम्म्या घरांत तो चालेल अशी फरशी नाही. जिथे फरशी आहे, तिथे अर्थिंग नाही. आणि दुसऱ्यांची घरं पुसून हप्ता फिटेल इतकी मागणी गावात आहे का, हे आम्हाला कुणी दाखवू शकलं नाही. कर्ज असं हवं की ज्याचा हप्ता त्या वस्तूच्या कमाईतून निघेल. शेळीचं निघतं, शिलाई मशीनचं निघतं. मॉपचं निघेल असं दिसलं नाही.

ज्या ताईंच्या घरी नातू रांगायला लागला आहे, टाईल्स आहेत, जोडणी चांगली आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून एक घेतला. त्यांना तो उपयोगी आहे. बाकीच्यांनी अंतर्गत कर्जातून आधी घराचं अर्थिंग करून घ्यायचं ठरवलं. मॉपच्या निमित्तानं का होईना, त्या तिसऱ्या पिनेकडे लक्ष गेलं.

तुम्हीही घ्यायचा विचार करत असाल तर पाच प्रश्न स्वतःला विचारा. आपली फरशी कुठली? अर्थिंग आहे का? हलकं पाणी मिळेल का? बिघडला तर दुरुस्ती बारामतीत किंवा इंदापुरात होईल का, की पुण्याला पाठवावा लागेल? आणि पॅड वेगळी विकत मिळतात का? दारात येऊन हप्त्यावर विकणाऱ्याला हे पाचही विचारा. तो चुळबुळ करायला लागला तर चहा पाजा आणि निरोप द्या.

जाता जाता एक काम देतो. हे ऐकून झालं, वाचून झालं की उठा आणि घरातल्या बाटल्या बघून या. न्हाणीत, दाराआड, पलंगाखाली. कोल्ड्रिंकच्या बाटलीत जे काही असेल ते आजच बाहेर काढा, पोरांच्या हाताबाहेर ठेवा, बाटलीवर ठळक अक्षरांत 'विष' असं लिहा, आणि ती बाटली परत कधी भरू नका. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीसोबत एकमेकींना विचारा, "तुझ्या घरातली बाटली निघाली का?"

त्या ताईंचा भाचा यंदाही सुट्टीला आला होता. त्याच गरम पाण्यानं पुसलेल्या फरशीवर पालथा पडून बैलगाडी चालवत होता. त्याला काही आठवत नाही. आपल्याला आठवलं पाहिजे.